एकटीच्या सहा अर्धवट प्रकल्पांसाठी गिट : सात वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गिटविषयीचे बहुतेक अभिप्राय एका प्रकल्पावर अनेक माणसे काम करत आहेत असे धरून लिहिलेले असतात. माझ्याकडे माणूस एक आणि प्रकल्प सहा आहेत. नोकरीत मी दिवसभर दुसऱ्यांचा कोड लिहिते. रात्रीची आवराआवर उरकल्यावर किंवा शनिवारी दुपारी घरच्या संगणकावर माझे स्वतःचे काहीतरी चालू असते. सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम, तिथी काढणारा प्रोग्रॅम, बाबांच्या पुस्तकांची सूची, मराठी शब्दकोडी बनवण्याचे साधन, घरखर्चाचा हिशेब आणि गच्चीवरच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, अशी ही सहा कामे आहेत. यांतले एकही काम मला कुणी सांगितलेले नाही, एकाचेही पैसे मिळत नाहीत, आणि त्यामुळेच ते कुठवर आले हे विचारणाराही कुणी नाही. डिसेंबर उजाडला की ‘या वर्षी आपल्या हातून काहीच झाले नाही’ असे वाटण्याची मला जुनी खोड आहे. या समजुतीला पुराव्यानिशी उत्तर देणारे साधन म्हणून गिट कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे.

ज्यांनी गिट वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखाद्या फोल्डरमधल्या फाइलींची त्या क्षणाची स्थिती, तारीख, करणाऱ्याचे नाव आणि एक टिपण असे सगळे एकत्र नोंदवून ठेवणारे हे साधन आहे. अशा प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात आणि असा इतिहास बाळगणाऱ्या फोल्डरला रेपो. किंमत काहीही नाही. गिट हे जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली सर्वांना मोफत आणि खुले आहे. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, काम बिटकीपर नावाच्या ज्या तशाच साधनावर चालत असे त्याचा मोफत वापर बंद झाल्यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी गिट लिहायला घेतले, आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी देखरेखीचे काम जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवले आणि तेव्हापासून हमानोच ते सांभाळत आले आहेत. टॉरव्हाल्ड्स यांचे हे चार दिवस आठवले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण सोसायटीच्या पावतीवर ‘अक्षरी रुपये’ ही एक ओळ नीट उमटवायला मला चार महिने लागले होते.

त्या चार महिन्यांचे सविस्तर सांगते, कारण गिटचा मला झालेला पहिला खरा उपयोग तिथला आहे. इंग्रजीत रक्कम अक्षरांत लिहायची तर वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे पुरतात. मराठीत एकपासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचा शब्द वेगळा पाठ करावा लागतो, आणि प्रोग्रॅमलाही तो वेगळाच शिकवावा लागतो. सगळे शब्द हाताने टाइप करायचा कंटाळा म्हणून मी नियम शोधत बसले. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास पाहिले की वाटते, पुढच्या दशकाला ‘एकोण’ जोडले की काम झाले. हा नियम एकोणनव्वदपर्यंत साधारण चालतो, आणि मग १,९९९ रुपयांच्या पावतीवर ‘अक्षरी रुपये एक हजार नऊशे एकोणशंभर फक्त’ असे छापून येते. खजिनदार काका ती पावती घेऊन दारात आले आणि एवढेच म्हणाले, “ताई, हे एकोणशंभर आमच्या वेळी शाळेत नव्हते हो.”

आता मला त्या चार महिन्यांतले फक्त काकांचे वाक्य आठवते. गिटच्या लॉगमध्ये, म्हणजे कमिटांच्या क्रमवार यादीत, मात्र सत्तावन्न कमिट आहेत. ‘एकोणचा नियम लावला, आठ शब्द वाचले.’ ‘नव्याण्णव अपवाद.’ ‘नुसते १०० असेल तर शंभर, पुढे काही असेल तर एकशे.’ ‘लाखानंतरचा स्वल्पविराम तीन आकड्यांवर पडत होता, दोनवर आणला.’ आणि एका रविवारी सकाळी : ‘नियम काढून टाकला, सगळे शब्द सरळ यादीत लिहिले, हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.’ हा लॉग सुरुवातीपासून क्रमाने वाचला, तर ‘एका पावतीसाठी चार महिने वाया गेले’ ही माझी तक्रार टिकत नाही. मराठी रकमेच्या लेखनातले जेवढे बारकावे मला आज न बघता सांगता येतात, ते सगळे त्या सत्तावन्न ओळींत एकेक करून आलेले दिसतात. शिकण्याचा हा क्रम मनाने केव्हाच पुसून टाकला होता.

हे टिपणांवर अवलंबून आहे, आणि टिपणे चांगली लिहिण्याची सक्ती गिट करत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या कमिटांवर ‘काम’, ‘बदल’, ‘परत बदल’, ‘आता तरी’ असे शेरे आहेत. त्यांतून आज मला काडीचाही बोध होत नाही. मराठीत टिपणे लिहायला लागल्यावर त्यांत फरक पडला. इंग्रजीत लिहिताना मी नोकरीतला कोरडा साचा उचलत होते; मराठीत काय चुकले आणि का चुकले हे आपसूक लिहिले जाते. पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांत बसवावी हा संकेत मी जमेल तसा पाळते आणि उरलेले खाली सविस्तर लिहिते. अनेक प्रकल्प सांभाळणाऱ्याने लावून घ्यावी अशी आणखी एक सवय म्हणजे, उठण्यापूर्वी काम अर्धवट असले तरी वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे मुख्य इतिहासाला फुटलेल्या फांदीवर, कमिट करून टिपणात ‘पुढे :’ असे लिहून पुढचे पाऊल नोंदवणे. तिथीच्या रेपोत असे एक टिपण आहे : ‘पुढे : अधिक महिना ओळखता येत नाही, २०२३ च्या श्रावणावर तपासून पाहणे.’ त्यानंतर पाच महिने मी त्या फोल्डरकडे फिरकले नव्हते. परत आल्यावर शेवटचे पाच कमिट वाचले आणि दहाव्या मिनिटाला काम सुरू झाले. पूर्वी अशा वेळी संपूर्ण शनिवार ‘आपण कुठे होतो’ हे शोधण्यात जात असे, आणि बहुधा तो शोध संपण्याआधीच मी नवा सातवा प्रकल्प सुरू करत असे.

तिथीच्या प्रोग्रॅमनेच मला गिटची ती सोय दाखवली जिच्यासाठी मी इतर सगळे दोष पोटात घालायला तयार आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या रेखांशांतल्या फरकाचा बारा अंशांचा एक टप्पा. सूर्योदयाच्या वेळी जो टप्पा चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. पंचांग म्हटले की अयनांश (सायन आणि निरयन रेखांशांतला फरक) आलेच, अशा समजुतीने मी सूर्याच्या रेखांशातून ते वजा केले आणि चंद्राच्या रेखांशातून वजा करायला विसरले. अयनांश सुमारे २४ अंशांचे आहेत, म्हणजे बरोबर दोन तिथींएवढे. परिणामी १ जुलै २०२० रोजी, आषाढी एकादशीच्या दिवशी, माझा प्रोग्रॅम त्रयोदशी दाखवत होता. दोन रात्री घालवल्यावर लक्षात आले की दोन्हींतून अयनांश वजा केले तर फरकात ते आपोआप उडून जातात आणि तिथीसाठी त्यांची गरजच नसते. नक्षत्र काढायचे असेल तर गोष्ट वेगळी. मी तो सगळा भाग काढून टाकला आणि पुढे तो प्रसंग साफ विसरून गेले.

जवळपास दोन वर्षांनी तीच फाइल उघडली तेव्हा ‘अरे, यात अयनांश कुठेच नाहीत’ असे वाटून मी ते पुन्हा घालायला बसले होते. हात थांबला तो केवळ एका सवयीमुळे. ‘गिट लॉग’ या कमांडला मोठा ‘एस’ हा पर्याय आणि एखादा शब्द दिला, की तो शब्द कोडमध्ये ज्या कमिटमध्ये आला आणि ज्यात गेला तेवढेच कमिट दिसतात. मी ‘अयनांश’ हा शब्द दिला. उत्तरात दोनच कमिट आले : एकात ते घातले होते, दुसऱ्यात काढले होते, आणि दुसऱ्याच्या टिपणात एकादशी, त्रयोदशी आणि चोवीस भागिले बारा हे सगळे लिहून ठेवलेले होते. माझ्याच हस्ताक्षरातली जुनी वही सापडावी तसे झाले. एकाच वेळी अनेक कामे अंगावर घेणाऱ्या माणसाचा सर्वांत मोठा तोटा तीच चूक दुसऱ्यांदा करून वेळ दवडण्यात होतो, असे माझे अनुभवांती मत आहे, आणि तो तोटा या एका पर्यायाने निम्म्यावर आणला आहे.

प्रगती आकड्यांत मोजायची हौस असेल तर मात्र गिट तुम्हाला सहज फसवू शकते. कमिटांची संख्या आणि वाढलेल्या ओळी हे दोन आकडे ते मागताक्षणी देते, आणि दोन्ही आकडे कुचकामी आहेत. शब्दकोड्यांच्या प्रकल्पात ‘लक्ष्मी’ हा शब्द दोन चौकोनांत बसायला हवा, पण संगणकाच्या लेखी त्यात सात सांकेतिक चिन्हे असतात, आणि चिन्हांचे गट पाडण्याचे तेव्हाचे सर्वसाधारण नियम जोडाक्षर मधोमध तोडत असत. म्हणून मी जोडाक्षरे सांधणाऱ्या नव्वदेक ओळी लिहिल्या होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांसाठीच्या संगणकी प्रमाणसंकेताच्या, १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला. मी वापरत असलेल्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) तो पोहोचल्यावर त्या नव्वद ओळी मी एका कमिटमध्ये उडवल्या. आकड्यांच्या हिशेबात त्या दिवशी मी नव्वद ओळी मागे गेले. सॉफ्टवेअरच्या जगात हे नवे नाही : १९८२ मध्ये ॲपलमध्ये आठवड्याला किती ओळी लिहिल्या हे फॉर्मवर भरून देण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा तिथले प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांनी कोड आटोपशीर करून त्या रकान्यात उणे २,००० असे लिहिले होते.

रेपो ठेवण्याच्या संकेतस्थळांवर दिवसागणिक रंगणारे जे चौकोन दिसतात त्यांच्याविषयीही हेच म्हणेन. गिटहब या अशाच संकेतस्थळाने सलग किती दिवस काम केले याची गणती २०१६ मध्येच काढून टाकली, पण हिरवे चौकोन राहिले. त्यांत मुख्य ब्रांचवर पोहोचलेले कमिटच धरले जातात, त्यामुळे माझी ती ‘पुढे :’ लिहिलेली अर्धवट कामे तिथे दिसत नाहीत. चौकोन भरावा म्हणून रात्री साडेअकराला स्वल्पविराम दुरुस्त करून कमिट करण्याचा एक काळ माझ्याही आयुष्यात येऊन गेला आहे, हे इथे कबूल करते. लॉग वाचावा, मोजू नये.

आता दोषांकडे वळते. पहिला दोष माझ्यासारखीला सर्वांत जास्त जाचतो : गिटला एका वेळी एकच रेपो दिसतो. सहा प्रकल्पांत मिळून या महिन्यात काय झाले, हा प्रश्न त्याला विचारण्याची साधी सोय नाही. मी पंधरा ओळींची एक स्क्रिप्ट लिहून काम भागवले आहे. मोठा ‘सी’ हा पर्याय वापरून ती एकेका फोल्डरमध्ये जाते, महिनाभराचे कमिट उचलते आणि तारखेनुसार एका फाइलीत लावते. महिन्याच्या शेवटी ती फाइल मी चहा घेत वाचते, आणि हा उद्योग मला कोणत्याही कामाच्या यादीपेक्षा लाभला आहे. कामांचे कार्ड एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवण्याचे एक ॲप मी वर्षभर वापरले होते. त्यात झालेली कार्डे नजरेआड होत आणि न झालेली तेवढी डोळ्यांसमोर राहत, त्यामुळे कितीही केले तरी ढीग तेवढाच वाटे.

त्याच स्क्रिप्टने एकदा मला चांगलेच चकवले. गिट प्रत्येक कमिटच्या दोन तारखा ठेवते : मूळ काम केल्याची आणि तो कमिट इतिहासात बसवल्याची. लॉग मुळात पहिली तारीख दाखवतो, पण अमुक दिवसापासूनचे कमिट मागितले तर चाळणी दुसरीने लावतो. बाबांच्या पुस्तकांच्या सूचीत मी एका रविवारी रिबेस करून जुने कमिट नव्याने रचले, आणि महिन्याच्या अहवालात एकदम एकसष्ट कमिट अवतरले. दोन मिनिटे मी स्वतःवर बेहद्द खूश होते. ते सगळे मागच्या वर्षीचे होते.

स्टॅश ही दुसरी फसवी सोय आहे. चालू काम तात्पुरते बाजूला ठेवायला ती दिलेली आहे, पण घरातल्या माळ्यावर ‘तात्पुरती’ ठेवलेली वस्तू जशी खाली येत नाही तसेच तिथे होते. शिवाय गिटने अजून दखल न घेतलेल्या नव्या फाइली वेगळे सांगितल्याशिवाय स्टॅशमध्ये जात नाहीत, हे मला दोनदा नव्याने कळले आहे. याउलट रिफ्लॉग या सोयीने मला अनेकदा वाचवले आहे. चुकून मागे फिरवलेले किंवा हरवलेसे वाटणारे कमिट मुळातल्या मांडणीत (सेटिंग्ज न बदलता) निदान महिनाभर तरी तिच्यातून परत मिळवता येतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. फाइलीचे नाव देवनागरीत असेल तर गिट ते मुळात उघड दाखवत नाही. ‘म’च्या जागी तिरप्या रेघांनी तोडलेले ३४०, २४४, २५६ असे आकडे दिसतात आणि ‘महिना’ नावाच्या फाइलीची पूर्ण ओळ आकड्यांनी भरते. मांडणीतला ‘कोअर डॉट कोटपाथ’ हा पर्याय बंद केला की नावे सरळ वाचता येतात. फाइलींच्या आतल्या मराठी मजकुराला हा त्रास नाही. बाबांच्या सूचीत ‘ळ’ने सुरू होणाऱ्या नोंदी नाहीत, पण शब्दाच्या मध्ये ‘ळ’ आला की युनिकोडच्या क्रमाने तो ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर यायला हवा, ‘काळ’ आणि ‘काव्य’ यांचा क्रम त्यामुळे उलटा लागत होता. ही दुरुस्ती करताना आधीची आणि नंतरची यादी गिटने शेजारी ठेवून दाखवली, आणि नेमकी कोणती पुस्तके हलली हे बाबांना पडद्यावर दाखवता आले. सात वर्षांत माझ्या कोणत्याही कामाकडे त्यांनी एवढा वेळ पाहिले नव्हते.

गिटची स्मरणशक्ती काही वेळा नको इतकी पक्की आहे. सोसायटीच्या रेपोत माझ्याकडून एकदा सभासदांच्या फोन नंबरांची फाइल कमिट झाली. दुसऱ्या दिवशी ती काढली, पण काढल्याने ती फक्त आजच्या फोल्डरमधून गेली. इतिहासात जशीच्या तशी होती. ती खरोखर पुसायला त्यापुढचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागला आणि त्यानंतरच्या प्रत्येक कमिटची ओळखसंख्या बदलली. रेपो बाहेर कुठेही पाठवलेला नव्हता म्हणून निभावले. हेही सांगितले पाहिजे की एकाच डिस्कवरचा रेपो म्हणजे बॅकअप नव्हे. मी दर रविवारी सहाही रेपो एका बाहेरच्या डिस्कवर पुश करते, म्हणजे नवे कमिट तिथल्या प्रतीत पाठवते.

शिकायला गिट सोपे आहे असे मी म्हणणार नाही. कमांडांची नावे कामाशी जुळत नाहीत, आणि ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रांच बदलण्यापासून फाइल जुन्या स्थितीत आणण्यापर्यंत सगळे करत असे. २०१९ मध्ये २.२३ या आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ अशा दोन वेगळ्या कमांडा आल्या, नव्याने शिकणाऱ्यांनी थेट त्याच शिकाव्यात. एकट्या माणसाला कमिट, लॉग, डिफ (दोन स्थितींतला फरक दाखवणारी कमांड), ब्रांच आणि पुश एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. ज्यांचे काम चित्रे किंवा चलच्चित्रे यांसारख्या मोठ्या फाइलींचे आहे, त्यांनी मात्र यात पडू नये. रेपो फुगत जातो आणि दोन स्थितींमधला फरक वाचताही येत नाही.

शेवटची सोय टॅगची, जी मी अगदी अलीकडे वापरू लागले. एखाद्या कमिटला नाव आणि टिपण जोडून ठेवता येते. लोक ती आवृत्तीच्या क्रमांकासाठी वापरतात, मी प्रकल्प बंद करण्यासाठी वापरते. अर्धवट टाकलेला प्रकल्प आणि विचारपूर्वक थांबवलेला प्रकल्प फोल्डरमध्ये सारखेच दिसतात, आणि मला दोन्हींचा सारखाच अपराधभाव वाटत असे. पर्जन्यमापकाच्या रेपोवर मी या जूनमध्ये ‘समाप्त’ असा टॅग लावला. त्याचे टिपण असे आहे : ‘पाच पावसाळ्यांच्या नोंदी पूर्ण. गच्चीवर सोसायटीने पत्रे घातले, आता मापकात पाऊस पडत नाही.’